ई20 पेट्रोल आणि जुनी गाडी: मायलेज, रबर आणि टाकीतले पाणी

प्रश्न असा आहे: रत्नागिरीच्या घरी 2012 ची 150 सीसी कार्ब्युरेटरची मोटरसायकल आहे, ती गणपतीत आणि मे महिन्यातच चालते. पुण्यात रोजच्या वापराला 2017 ची पेट्रोल कार आहे. आता पंपावर सगळीकडे ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल (अल्कोहोल) मिसळलेले पेट्रोल, मिळते. मायलेज किती घटेल, इंजिन खराब होईल का आणि नेमके काय बदलून घ्यावे? आणि मायलेज घटणार, तर भाव तोच का?

दोन्ही गाड्यांना एकच उत्तर लागू होत नाही. रोज चालणाऱ्या कारची फारशी चिंता करू नका. तिचे मायलेज थोडे उतरेल आणि काही रबरी भाग लवकर बदलावे लागतील. खरी काळजी मोटरसायकलची घ्यायला हवी. ती जुनी आहे म्हणून नव्हे, तर ती महिनोन्‌महिने कोकणच्या हवेत उभी राहते म्हणून. ई20 मुळे बिघडलेल्या म्हणून ज्या गाड्या गॅरेजमध्ये येतात, त्यांतल्या बऱ्याच प्रत्यक्षात पाण्याने बिघडलेल्या असतात.

आधी मायलेज, कारण त्याचे गणित सरळ आहे. एक लिटर शुद्ध पेट्रोलमध्ये साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये साधारण 21. दहा टक्के मिश्रणात, म्हणजे ई10 मध्ये, ती लिटरमागे 30.9 होते आणि ई20 मध्ये 29.8. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत जवळजवळ सात टक्के घट, पण ई10 च्या तुलनेत फक्त साडेतीन टक्के. वाद होतात ते तुलना कशाशी करायची यावरून. देशात सरासरी दहा टक्के मिश्रण 2022 च्या जूनमध्येच गाठले गेले होते. म्हणजे मधली काही वर्षे तुमची कार ई10 वरच चालत होती. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई10 ला जुळवलेल्या चारचाकींसाठी 6 ते 7 टक्के, तशाच दुचाकींसाठी 3 ते 4 टक्के, आणि ई10 साठी बनवून ई20 ला जुळवलेल्या चारचाकींसाठी 1 ते 2 टक्के घट धरली आहे. तुमची कार ई10 वर लिटरला 16 देत असेल, तर ई20 वर साडेपंधराच्या आसपास देईल. 15 पर्यंत उतरली तरी समजू शकते. ती 12-13 वर आली असेल, तर दोष इंधनाचा नाही. हवा कमी झालेले टायर, घासत राहणारा ब्रेक, तुंबलेला एअर फिल्टर, मंदावलेला ऑक्सिजन सेन्सर, उघडाच अडकलेला थर्मोस्टॅट, या क्रमाने शोधा.

मोजताना एकाच पंपावर, एकाच नोझलवर, पहिल्या ऑटो-कटपर्यंत टाकी भरा. निदान तीन वेळा भरून एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागा. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. तो इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून काढलेला अंदाज असतो.

इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे ठोके न देता जळण्याची क्षमता, जास्त, म्हणून ई20 चा ऑक्टेनही आधीच्या साध्या पेट्रोलपेक्षा जास्त, 95 धरला जातो. घाटात चढताना इंजिन ठोके देत असेल तर ते उलट कमी होईल. पण या जादा ऑक्टेनचा पूर्ण फायदा जास्त कॉम्प्रेशनचे इंजिन असेल तरच मिळतो, आणि तुमच्या कारचे कॉम्प्रेशन आता बदलता येणार नाही. आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो: 95 ऑक्टेनचे महाग पेट्रोल म्हणजे इथेनॉल नसलेले पेट्रोल नव्हे. त्यातही इथेनॉल असते.

आता कार. पेट्रोल जाळायला वजनी 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. ई20 साठी हे प्रमाण साधारण 13.5 वर येते, म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन द्यावे लागते. तुमच्या कारमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर आहे. मिश्रण लीन झाले, म्हणजे इंधन कमी पडले, की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. ही दुरुस्ती 'फ्युएल ट्रिम' म्हणून नोंदवली जाते आणि गाडीच्या निदान-सॉकेटला लावायच्या साध्या ब्लूटूथ ओबीडी स्कॅनरवर मोबाईलमध्ये वाचता येते. इंजिन गरम झाल्यावर, एकदा आयडलला आणि एकदा 60 च्या स्थिर वेगाला 'लाँग टर्म ट्रिम' पाहा. अधिक 3 ते 8 टक्के दिसले तर ईसीयू आपले काम करतो आहे. अधिक 12-15 च्या वर गेले, तर इथेनॉलशिवाय आणखी काहीतरी आहे: इनटेकच्या पाइपातून हवा चोरणारी चीर, पंपाची तुंबलेली जाळी, कमी पडलेला इंधनाचा दाब किंवा मळलेला इंजेक्टर. ट्रिमची हद्द संपली की 'पी0171' हा कोड येऊन चेक इंजिनचा दिवा लागतो. सेन्सर बदलण्याआधी इंधनाचा दाब मोजून घ्या. मेकॅनिक पुष्कळदा उलट करतात आणि तुमचा खर्च वाया जातो.

इथेनॉल चांगले विद्रावकही आहे. टाकीत आणि पाइपात वर्षानुवर्षे बसलेला चिकट थर ते सोडवते आणि तो फिल्टरला जाऊन अडकतो. म्हणून ई20 सुरू झाल्यावर पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये पिकअप पडला, चढावर गाडी धक्के मारू लागली, तर आधी फिल्टर बदला. तो पंपासोबत टाकीत असेल, तर पंप बाहेर काढल्यावर खालची जाळी आणि वरची ओ-रिंग दोन्ही नव्या घाला. जुनी ओ-रिंग फुगलेली असते. ती परत खोबणीत बसवताना चिमटते आणि नंतर मागच्या सीटखालून पेट्रोलचा वास येतो.

रबराचे नेमके काय होते तेही समजून घ्या. साधे नायट्राइल रबर इथेनॉलने फुगते, मऊ पडते आणि ताकद गमावते. फ्लोरोइलास्टोमर, ज्याला बाजारात व्हायटन म्हणतात, ते टिकते. नीती आयोगाच्या अहवालात दिलेल्या चाचण्यांतही धातू आणि धातूच्या लेपांना ई20 ने त्रास झाला नाही. कमी पडले ते काही रबर आणि पीए66 हे प्लास्टिक. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने 2025 च्या ऑगस्टमध्ये दिलेल्या खुलाशातही जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि गॅस्केट 20,000 ते 30,000 किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असे म्हटले होते. पण किलोमीटरचा हा हिशेब चालत्या गाडीचा. उभ्या गाडीत रबर फुगते, पेट्रोल उडून गेले की सुकून आकसते, पुन्हा भरले की पुन्हा फुगते. गळती सुरू होते ती याच फेऱ्यात. 2023 च्या एप्रिलपासूनच्या गाड्यांचे भाग ई20 ला टिकणारे आहेत, तुमच्या दोन्ही गाड्या त्याआधीच्या. कारच्या मॅन्युअलमध्ये आणि पेट्रोलच्या झाकणाच्या आत कोणते मिश्रण चालते ते पाहून घ्या.

मोटरसायकलीत बदलायचे भाग थोडे आणि स्वस्त आहेत. टाकी ते कार्ब्युरेटर हा होज पाइप दोन्ही क्लिपांसह बदला. घेताना पाइपावर 'एसएई जे30 आर9' छापलेले आहे का पाहा, त्या पाइपाचे अस्तर इथेनॉलला टिकणारे असते. पारदर्शक प्लास्टिकचा पाइप अजिबात लावू नका, तो काही महिन्यांत कडक होऊन क्लिपेपाशी चिरतो. पेट्रोल कॉकचे वॉशर आणि ओ-रिंग, फ्लोट बाउलचे, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीचे, गॅस्केट, त्या वाटीत येणारे पेट्रोल थांबवणारी फ्लोटची सुई, आयडलचे मिश्रण ठरवणाऱ्या पायलट स्क्रूची छोटी ओ-रिंग आणि टाकीच्या झाकणाचे रबर नवे घाला. किट घेताना सुईचे टोक व्हायटनचे आहे ना, हे विचारा. जुन्या सुईच्या टोकावर नखाने जाणवेल अशी गोल खाच पडलेली असते. अशी सुई नीट बसत नाही आणि पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब थेंब गळते. कधी ते इंजिनाच्या ऑइलमध्येही उतरते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर गाडी सुरू करू नका. आधी सुई, मग ऑइल. आणि गाडी उभी केली की कॉक बंद, ही जुनी सवय पुन्हा लावून घ्या.

कार्ब्युरेटरला ऑक्सिजन सेन्सर नाही, त्यामुळे तो स्वतःहून काही सुधारत नाही. ई10 ला जुळवलेले मिश्रण ई20 वर साधारण चार टक्के लीन होते, शुद्ध पेट्रोलला जुळवलेले आठ-नऊ टक्के. लक्षणे ओळखीची आहेत: सकाळी चोक जास्त वेळ लागतो, ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सर फटफटतो, सुरुवातीच्या पिकअपला गाडी अडखळते, प्लग पांढरट दिसतो. इथेनॉलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते, म्हणून थंडीत सुरू होण्याचा त्रास वाढतो.

दुरुस्ती पायरीने करा. इंजिन पुरेसे गरम होऊ द्या. पायलट स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो इंधनाचा असतो, बाहेर फिरवला की इंधन वाढते. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, आत फिरवला की इंधन वाढते. हे उलटसुलट झाले की तासभर खटपट करूनही गाडी जुळत नाही. एका वेळी पाव फेरा फिरवा, आयडल सर्वांत वर चढेल तिथे थांबा, मग आयडलच्या स्क्रूने वेग खाली आणा. मधल्या ॲक्सिलरेटरला अजून अडखळत असेल, तर ॲक्सिलरेटरबरोबर वरखाली होणाऱ्या लांब जेट-सुईची (फ्लोटच्या सुईची नव्हे) क्लिप एक खाच खाली लावा, म्हणजे सुई वर उठते. सुईला खाचाच नसतील तर क्लिपेखाली अर्धा मिलिमीटरचे वॉशर चालते. एवढ्याने बहुतेक गाड्या जुळतात. मेन जेट शेवटी, आणि पूर्ण ॲक्सिलरेटरवर दम कमी वाटला तरच, फक्त एक नंबर मोठा. चार टक्के जास्त इंधनासाठी जेटच्या छिद्राचा व्यास दोन टक्क्यांनीच वाढवावा लागतो, त्यामुळे दोन-तीन नंबर मोठे जेट घातले तर काळा धूर, वाढता खर्च आणि पीयूसीत नापास. हे सगळे एअर फिल्टर साफ केल्यावर आणि टॅपेट सेट केल्यावरच करायचे.

आता पाणी. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आंबवलेल्या मळीतून किंवा उसाच्या रसातून निघालेले अल्कोहोल साध्या ऊर्ध्वपातनाने वजनी 95.6 टक्क्यांच्या पुढे शुद्ध होत नाही. उरलेले पाणी काढायला ते मॉलिक्युलर सीव्हच्या, म्हणजे पाणी शोषणाऱ्या, दाण्यांतून न्यावे लागते, तेव्हा 99.5 टक्क्यांहून शुद्ध, पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगे इथेनॉल तयार होते. एवढ्या खर्चाने काढलेले पाणी हे इथेनॉल संधी मिळताच परत ओढून घेते. शुद्ध पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळतच नाही. ई10 मध्ये 15 अंश सेल्सिअसला साधारण अर्धा टक्का पाणी विरघळून राहते, ई20 मध्ये त्याहून जास्त. तोपर्यंत काही बिघडत नाही, ते पाणी पेट्रोलसोबत इंजिनातून निघून जाते. मर्यादा ओलांडली, किंवा रात्री तापमान उतरले, की बहुतेक इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला बसते. सहा लिटर ई20 असलेल्या टाकीत 1.2 लिटर इथेनॉल असते. ते वेगळे झाले की तळाशी लिटरभर तरी न जळणारा थर तयार होतो, आणि वर ऑक्टेन गमावलेले पेट्रोल उरते.

हे होण्यासाठी लागणारे पाणी फार नसते. टाकीत लिटरभरच पेट्रोल उरले असेल, तर दहा-पंधरा मिलिलिटर पाण्यानेही काम बिघडू शकते. दमट हवेतून ओल हळूहळू आत येते हे खरे, पण पावसाळ्यात मोठी वाट वेगळीच असते. तुमच्या टाकीचे झाकण टाकीच्या पृष्ठभागाशी सपाट बसणारे असेल, तर झाकणाभोवतीच्या खोलगट कड्यात एक बारीक भोक असते. तिथे साचलेले पावसाचे पाणी एका नळीने टाकीतून आरपार खाली जमिनीवर पडते. लाल माती, धूळ आणि मुंग्यांची माती यांनी ते भोक बुजते, कडे पाण्याने भरते आणि आकसलेल्या झाकणाच्या रबराशेजारून ते आत झिरपते. मे महिन्यात गाडी ठेवण्याआधी झाकण उघडा, टाकीचे तोंड फडक्याने झाका, भोकात पातळ तार घालून मोकळे करा आणि सिरिंजने थोडे पाणी सोडून ते खाली पडते का पाहा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि या उत्तरातले सर्वांत उपयोगाचे.

टाकीत थर झाला आहे हे कसे ओळखावे? कॉक 'ऑन'वर असताना पेट्रोल टाकीत उभ्या असलेल्या नळीतून, म्हणजे वरून घेतले जाते. 'रिझर्व्ह'ला ते अगदी तळातून येते. गाडी 'ऑन'वर कशीबशी चालते आणि 'रिझर्व्ह'ला टाकताच बंद पडते, तर तळाला पाणी आहे असे समजा. खात्रीसाठी कॉकचा पाइप काढून 'रिझर्व्ह'वरून पाव लिटर पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत घ्या आणि पंधरा मिनिटे हलवू नका. दोन थरांमधली रेषा किंवा धुरकट गढूळपणा दिसला की निदान झाले.

अशा वेळी वर ताजे पेट्रोल ओतून हलवणे हा उपाय नाही. बाजारात मिळणाऱ्या बाटल्यांनीही लिटरभर वेगळा झालेला थर परत मिसळत नाही. टाकी उतरवा, सगळे काढा, थोड्या ताज्या पेट्रोलने दोनदा विसळा, उन्हात पूर्ण वाळवा. कार्ब्युरेटरचा फ्लोट बाउल उघडा. पाणी साचून राहिले असेल तर ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि पितळेच्या जेटभोवती हिरवट थर दिसेल. जेट कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करा, तार घालू नका. पायलट जेटचे छिद्र तारेने जरा जरी मोठे झाले तरी आयडल पुन्हा कधी नीट बसत नाही. टाकीच्या तळाला गंज असेल तर नुसते विसळून भागणार नाही, गंज काढून घ्यावा लागेल. तोवर पाइपात बाहेरचा छोटा फिल्टर लावा.

गाडी ठेवण्याची पद्धत तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे दोन प्रकारची. मे अखेरीपासून गणपतीपर्यंत तीन-साडेतीन महिने जातात. तेवढ्यासाठी टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा, म्हणजे आत हवा आणि तिच्यातली ओल कमी राहते. प्रसरणाला बोटभर जागा सोडा. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग फ्लोट बाउलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलेले काढा. हे केले नाही तर बाउलमधले पेट्रोल उडून मागे डिंकासारखा थर राहतो आणि पायलट जेट बुजतो. गणपतीपासून मेपर्यंतचे सात-आठ महिने मात्र भरलेली टाकीही उपयोगाची नाही, तेवढ्यात पेट्रोलच शिळे होते. तेव्हा टाकी पूर्ण रिकामी करा, 50 मिलिलिटर 2टी ऑइल आत ओतून टाकी सगळीकडून तिरकी करत फिरवा आणि झाकण लावा. मेमध्ये भरल्यावर थोडा वेळ निळसर धूर येईल, त्याची काळजी करू नका.

पंपावरच्या पेट्रोलात इथेनॉल किती, याची शंका असेल तर घरीही तपासता येते. 100 मिलिलिटरचे खुणा असलेले काचेचे नळकांडे घ्या. 50 पर्यंत पेट्रोल, त्यावर 100 पर्यंत पाणी. बूच लावून चार-पाच वेळा उलटेसुलटे करा, दर वेळी बूच सैल करून वाफ सोडा, आणि दहा मिनिटे ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरते, म्हणून तळाचा थर 50 वरून वाढतो. वाढ किती ते मोजून दुप्पट करा. रेषा 60 च्या आसपास आली तर 20 टक्के, 55 ला आली तर 10. एक-दोन टक्के इकडेतिकडे धरून चाला. उघड्यावर, ज्योत आणि स्विचपासून लांब करा.

किमतीबद्दल तुमचा रोख रास्त आहे. लिटरला ऊर्जा कमी आणि भाव तोच, म्हणजे किलोमीटरमागचा खर्च वाढतो. पण इथेनॉल काही फुकट येत नाही: 2024-25 च्या हंगामात सी-हेवी, म्हणजे साखर काढून शेवटी उरणाऱ्या, मळीच्या इथेनॉलचा खरेदी दर लिटरला 57.97 रुपये होता, उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा 65.61 आणि मक्याच्या इथेनॉलचा 71.86. या योजनेचे पहिले प्रयोग 2001 मध्ये आपल्याच मिरज आणि मनमाडला झाले, आणि तेव्हापासून ऊस उत्पादकाला पैसे वेळेवर मिळण्याशी तिचा थेट संबंध आहे. खनिज तेलाची आयात घटते हेही खरे. तरीही जुन्या गाड्यांसाठी पंपावर ई10 चा पर्याय ठेवायला हवा होता आणि प्रत्येक नोझलवर मिश्रणाचे प्रमाण ठळक लिहायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्राझीलमध्ये 2025 च्या ऑगस्टपासून 30 टक्के मिश्रण चालते, पण तिथे त्या मिश्रणाला जुळणाऱ्या गाड्या गेली दोन दशके विकल्या जात आहेत.

टाकीतून काढलेला इथेनॉल-पाण्याचा थर गटारात किंवा परसात ओतू नका. कोकणात विहीर जवळच असते, आणि या थरासोबत पेट्रोलचे विषारी घटकही जमिनीत मुरतात. बंद पत्र्याच्या डब्यात भरून, वर 'पाणीमिश्रित पेट्रोल' असे लिहून, जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्या.